ट्रकचालक आणि ट्रान्सपोर्ट कार्यालय यांच्यातील संपर्क : नंदुरबारच्या संदर्भात एक आढावा

मालवाहतुकीच्या एका खेपेत चालक आणि त्याला माल नेमून देणारे कार्यालय यांना एकमेकांकडून बरेच काही कळावे लागते. माल कोणता, वजन किती, गाडी कुठे लावायची, खाली कोणाकडे करायची, मुदत काय आणि पैसे कोण, केव्हा देणार, हे चालकाला हवे असते. गाडी कुठवर आली, रस्ता कसा आहे, चालकाची झोप झाली आहे का, ताडपत्री धड आहे का, हे कार्यालयाला कळावे लागते. व्यवहारात पहिल्या बाजूचे जवळपास सगळे फोनवर तोंडी सांगितले जाते आणि दुसऱ्या बाजूचे ‘गाडी कुठे आहे?’ एवढेच विचारले जाते. या क्षेत्रातले बहुतेक वाद या दोन गोष्टींतून निघतात.

नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न सहज दिसतो, कारण जिल्ह्याचा भूगोलच तसा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा पश्चिमेला गुजरातशी आणि उत्तरेला मध्य प्रदेशाशी भिडलेला आहे. सुरत–नागपूर महामार्ग नवापूर आणि विसरवाडीवरून कोंडाईबारी घाटाकडे चढतो. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता अक्कलकुवा, तळोदा, शहादा असा जातो. धडगावकडे जाणारी वाट चांदसैली घाटातून आहे. तेथे पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि मोबाइलची रेंज कुठे येते, कुठे जाते. मालही सारखा नाही. नंदुरबारची मिरची, शहाद्याची पपई आणि केळी, नवापूरच्या पोल्ट्रीतली अंडी, साखर कारखान्यांचा ऊस: यांतल्या प्रत्येकाची घाई वेगळी आणि नाशाची रीत वेगळी.

कार्यालय म्हणजे नेमके कोण

पाश्चात्त्य देशांतल्या लेखनात चालकाला सूचना देणारी एक ठरावीक व्यक्ती गृहीत धरलेली असते. कंपनीच्या कार्यालयात बसून ती गाड्या नेमते आणि दिवसभर त्याच चालकांशी बोलते. नंदुरबारच्या बाजारात हे काम साखळीने होते. मिरचीचा व्यापारी ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करतो. त्याच्याकडे स्वतःची गाडी नसली तर तो दलालाला विचारतो. दलाल मोटारमालकाला गाठतो आणि मालक चालकाला. पपई भरायला आलेली गाडी पुष्कळदा उत्तरेकडची असते. तिचा मालक तिकडेच असतो, भाडे इथल्या दलालाने लावलेले असते आणि माल दिल्लीच्या व्यापाऱ्याचा असतो. चालकाला अशा वेळी तिघांचे फोन येतात आणि तिघांचे म्हणणे जुळेलच असे नसते.

देशातल्या बहुसंख्य मोटारमालकांकडे पाचपेक्षा कमी गाड्या आहेत, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. एवढ्याशा धंद्यात स्वतंत्र माणूस ठेवून गाड्यांवर लक्ष ठेवणे परवडत नाही. मालक, त्याचा भाऊ किंवा मुनीम ते काम जेवताजेवता करतो. उसाच्या हंगामात चित्र पालटते. तिथे कारखान्याचा शेतकी विभाग तोडणीचा क्रम लावतो, स्लिपबॉय चिठ्ठी देतो आणि गाडी अड्ड्यावर नंबराला उभी राहते. थांबावे तिथेही लागतेच, पण कोणाच्या मागे थांबायचे हे डोळ्यांना दिसते, त्यामुळे भांडण वेगळ्या प्रकारचे होते.

पत्रापासून व्हॉट्सॲपपर्यंत

टेलिफोन दुर्मीळ होता तेव्हा गाडी निघाली की ती पोहोचेपर्यंत कार्यालयाला काही कळत नसे. वाटेवरच्या शाखा, ओळखीचे ढाबे आणि समोरून येणारे चालक हीच निरोपाची साधने होती. गाडी बिघडली तर क्लीनर दुसऱ्या गाडीत बसून गावी जाई. एसटीडी बूथ आल्यावर चालक दिवसातून एकदा फोन करू लागला. तो कधी आणि कुठून करायचा हे मात्र त्याच्याच हाती होते.

देशातला पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला, पण मोबाइल ट्रकच्या केबिनमध्ये पोहोचला २००३ नंतर, येणाऱ्या फोनचे पैसे लागेनासे झाल्यावर. सीमेवरच्या नवापूरला यात एक खास अडचण होती. महाराष्ट्र आणि गुजरात ही दूरसंचाराची वेगळी मंडळे असल्याने नाका ओलांडला की रोमिंग लागे आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. म्हणून पुष्कळ चालक दोन सिमकार्डे बाळगत आणि कोणते कधी चालू आहे हे कार्यालयाला ओळखावे लागे. बीएसएनएलने जून २०१५ मध्ये रोमिंगवर येणारे कॉल मोफत केले आणि पुढे सगळ्याच कंपन्यांनी तसे केले. याच काळात व्हॉट्सॲप पसरले, ‘लोकेशन पाठव’ हा परवलीचा शब्द झाला, आणि मागोमाग जीपीएस व सिमकार्डवरून गाडीचा माग काढणारी यंत्रणा आली.

या बदलाने अंतर मिटले, हे सगळेच मान्य करतात. चूक दुरुस्त करणे सोपे झाले, अपघात झाला तर मदत लवकर पोहोचू लागली, रिकाम्या गाडीला परतीचे भाडे मिळणे वाढले. मात्र फोन केव्हा करायचा हे ठरवण्याची सत्ता चालकाच्या हातून कार्यालयाकडे गेली, याची दखल या विषयावरच्या चर्चेत फारशी घेतली जात नाही.

गाडे अडते कुठे

सर्वांत जुना घोळ वजनाचा. वाळलेली मिरची वजनाला हलकी आणि आकाराने मोठी असते. गाडी वजनात बसते पण उंचीत बसत नाही. ओली मिरची उलट. जुलै २०१८ मध्ये केंद्राने वजनमर्यादा वाढवल्या, दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. जुन्या गाड्यांच्या कागदांवर जुनेच पासिंग होते आणि बुकिंग करणारा नवा आकडा धरून माल लावी. १ सप्टेंबर २०१९ पासून जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार असा दंड आहे. कायद्यात तो चालवणाऱ्याला आणि चालवायला लावणाऱ्यालाही लागू आहे. पण काट्यावर गाडीबरोबर उभा असतो तो चालक.

दुसरा घोळ कागदाचा, आणि तो नव्या काळातला सर्वांत किचकट आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर विक्रीकराचे नाके गेले आणि १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीला ई-वे बिल लागू झाले. बिल कार्यालयात निघते, वापर रस्त्यावर होतो. त्याची मुदत आधी शंभर किलोमीटरला एक दिवस होती. १ जानेवारी २०२१ पासून दोनशे किलोमीटरला एक दिवस झाली. नंदुरबारहून सुरतेला जाणाऱ्या गाडीला म्हणजे एकच दिवस मिळतो. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते, पण ती वाढवायची कार्यालयाने आणि उशीर ठाऊक असतो चालकाला. घाटात गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत भरला तर बिलावरचा गाडीनंबरही बदलावा लागतो. चालकाने कळवले नाही, किंवा कळवले आणि कार्यालयात रात्री कोणी नव्हते, तर पहाटे तपासणी पथकाने अडवल्यावर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. जानेवारी २०२० मध्ये तेलंगणात सत्यम शिवम पेपर्स या कंपनीचा कागद नेणारी गाडी मोर्चामुळे अडकली. चालक माल घरी घेऊन गेला आणि सुट्टीनंतर पोहोचवायला निघाला तेव्हा बिलाची मुदत संपलेली होती. अधिकाऱ्यांनी कर आणि दंड मिळून ६९ हजार रुपये घेतले. उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि १२ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम ठेवून खात्यावर आणखी खर्च बसवला. मुदत संपली म्हणजे करचुकवेगिरी झाली असे नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. पण रस्त्यावर अडलेल्या गाडीला त्या निकालाचा उपयोग अपिलात होतो, त्या रात्री होत नाही.

तिसरा घोळ थांबण्याचा. कार्यालय सांगते, ‘उद्या सकाळी खाली होईल.’ गाडी गोदामापाशी सकाळी पोहोचते, पर्ची दुपारी मिळते, हमाल दुसऱ्या दिवशी येतात. या होल्टिंगचे पैसे कोणी द्यायचे हे आधी ठरलेले नसते. ठरले असले तर ते दलालाच्या तोंडी असते. भाड्याचा मोठा हिस्सा ॲडव्हान्स म्हणून मिळतो आणि बाकी पोहोच पावती आल्यावर, त्यामुळे चालक भांडत बसला तर त्याच्याच मालकाची बाकी अडते. वाराईचा वाद याच्याच शेजारचा आहे. माल भरण्या-उतरवण्याची मजुरी गाडीवाल्याकडून कापली जाते आणि ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांची घोषणा त्यातूनच आली. हमालांच्या बाजूने १९६९ चा माथाडी कायदा आहे. चालकाच्या थांबण्याच्या तासांना तसा कायदा नाही.

यातून बोलण्याची एक सवय जडते. चालक सोनगडलाच असतो आणि फोनवर म्हणतो, ‘बस शेठ, विसरवाडी क्रॉस केलं.’ खरे सांगितले तर तगादा वाढतो, हे त्याला ठाऊक असते. कार्यालयालाही हे ठाऊक असते, म्हणून दहाला बंद होणारे गेट ते सहाला बंद होते असे सांगते. दोन्हीकडून हात राखून बोलले जाते आणि काही महिन्यांत दोघांनाही एकमेकांच्या शब्दातून किती वजा करायचे याचा अंदाज येतो. जुन्या जोडीत हे निभते. नव्या दलालाबरोबर किंवा परप्रांतीय चालकाबरोबर हा अंदाज चुकतो, आणि पपईच्या गाडीत तो चुकला तर माल वाटेतच पिकतो.

चौथी अडचण अचानक लागणाऱ्या बंदीची. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू असल्याचे जाहीर झाले. भारतातला तो पहिला उद्रेक. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो तिथेच पुन्हा आढळला. अशा वेळी बंदीचा आदेश जिल्हाधिकारी काढतात, तो नाक्यांवर पोहोचतो, पोल्ट्रीवाल्यांना कळतो आणि अंड्यांची गाडी घेऊन वाटेत असलेल्या चालकाला सर्वांत शेवटी. मार्च २०२० च्या टाळेबंदीतही हेच घडले. जीवनावश्यक माल कोणता यावरून गाड्या अडल्या आणि २९ मार्चला केंद्राने सर्व प्रकारच्या मालाला मुभा असल्याचे कळवले, तरी ते कळवणे आणि नाक्यावरच्या शिपायापर्यंत पोहोचणे यांत दिवस गेले.

मतांचे प्रवाह

या सगळ्यावर उपाय काय, याबद्दल ढोबळमानाने चार मते आहेत. त्यांतली कोणतीच निखालस चुकीची नाही.

पहिले मत माहितीवर भर देते. गाडी नकाशावर दिसली की निम्मे फोन आपोआप बंद होतील, असे हा पक्ष म्हणतो. १७ सप्टेंबर २०२२ च्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर आलेली युलिप ही सरकारी व्यवस्था याच विचाराची आहे. ‘वाहन’ व ‘सारथी’ या सरकारी नोंदी आणि फास्टॅग यांची माहिती तिथे एकत्र येते. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा असल्याने टोलनाका ओलांडल्याची वेळ तरी निश्चित कळते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ब्लॅकबकसारख्या कंपन्यांनी भाडे शोधणे, डिझेल आणि माग काढणे एकाच ॲपमध्ये आणले. या मताची ताकद अशी की फसवणूक आणि चोरी यांना त्याने खरोखर आळा बसतो. उणीव अशी की नकाशावरचा ठिपका थांबलेला दिसतो, का थांबला ते दिसत नाही. कोंडाईबारीत चढावर रांग लागली आहे की चालक जेवतो आहे, हे विचारायला फोन करावाच लागतो.

दुसरे मत पैशाकडे बोट दाखवते. अमेरिकेत मायकेल बेल्झर यांनी २००० साली ‘स्वेटशॉप्स ऑन व्हील्स’ या पुस्तकात दाखवले की चालकाच्या थांबण्याच्या वेळेला मोल नसले तर तिचा अपव्यय कोणालाच टोचत नाही. भारतात चालकाला बहुधा खेपेमागे ठरलेली रक्कम आणि भत्ता मिळतो, त्यामुळे हा मुद्दा इथेही लागू पडतो. होल्टिंगचा दर बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, छापला आणि तो वसूल झाला, तर ‘उद्या खाली होईल’ हे कोणी उगाच म्हणणार नाही, असा हा युक्तिवाद आहे. वाहतूकदारांचे उत्तर असे की बाजारात गाड्या जास्त आणि माल कमी असताना दर मागणाऱ्याला माल मिळत नाही. पपईच्या ऐन हंगामात हे उलटते, पण ते काही आठवड्यांपुरते.

तिसरे मत सुरक्षिततेचे. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये देशातल्या दहा वाहतूक केंद्रांवर बाराशेहून अधिक चालकांची पाहणी प्रसिद्ध केली. थकवा किंवा झोप असतानाही गाडी चालवतो असे त्यांतल्या सुमारे निम्म्यांनी सांगितले. हा पक्ष म्हणतो की चालकाला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे. अमेरिकेत जानेवारी २०१६ पासून विश्रांतीचे नियम मोडायला चालकावर दबाव आणायला मनाई आहे आणि तो नियम दलालांनाही लागू आहे. तिथेच डिसेंबर २०१७ पासून चालवण्याचे तास नोंदणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र सक्तीचे झाले. समाजशास्त्रज्ञ कॅरेन लेव्ही यांनी २०२२ च्या ‘डेटा ड्रिव्हन’मध्ये या यंत्राची दुसरी बाजू मांडली. विश्रांतीसाठी आलेले साधन देखरेखीचे झाले आणि चालकाचा अनुभव कार्यालयाच्या पडद्यापुढे दुय्यम ठरला. भारतात रिव्हिगो या कंपनीने वेगळी वाट धरली होती: काही तासांनी चालक बदलायचा, म्हणजे तो त्याच दिवशी घरी परतेल. कंपनीचा एक्स्प्रेस व्यवसाय २०२२ मध्ये महिंद्रा लॉजिस्टिक्सकडे गेला. दोन-तीन गाड्यांच्या मालकाला ती रीत झेपणारी नव्हतीच.

चौथे मत भाषेचे आणि शिक्षणाचे. नंदुरबारचा चालक घरी अहिराणी, भिली, मावची किंवा गुजरी बोलतो, कार्यालयाशी मराठी-हिंदी मिसळून, सुरतेच्या गोदामात गुजराती ऐकतो आणि त्याच्या हातातले ई-वे बिल इंग्रजीत असते. परवान्यासाठी आठवी पासची अट केंद्राने २०१९ मध्ये काढली. आदिवासी तालुक्यांतल्या तरुणांना त्याने रोजगाराची दारे उघडली आणि त्याच वेळी लिखित सूचनांवर भिस्त ठेवण्याची सोय कमी केली. व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप हा लोकांनीच शोधलेला तोडगा आहे आणि तो चांगला चालतो. ‘गाडी कोठे शे?’ असे विचारणाऱ्या मुनीमाला उत्तरही सरळ मिळते, असे खानदेशात मानले जाते. ते बोलीमुळे की ओळखीमुळे, हे वेगळे काढणे अवघड आहे.

या चारही मतांत एक गोष्ट समान आहे. चालकाला बातमी द्यायची आहे, हे सगळे धरून चालतात. त्याच्याकडून बातमी घ्यायची यंत्रणा कोणीच नीट मांडत नाही. जानेवारी २०२४ मध्ये याची किंमत दिसली. जीवघेण्या अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये असलेल्या दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेविरुद्ध चालकांनी गाड्या थांबवल्या, तेव्हा कायद्यात नसलेला सात लाखांच्या दंडाचा आकडा फोनवरून सर्वत्र फिरत होता. केंद्रीय गृहसचिवांशी बोलणी झाली ती वाहतूकदारांच्या संघटनेची, २ जानेवारीला. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवले गेले.

कायदा काय म्हणतो

मालवाहतुकीचा मूळ कायदा २००७ चा. त्याने १८६५ चा जुना कायदा मोडीत काढला. त्यात बुकिंग कंपनी, एजंट आणि दलाल हे सगळे वाहकाच्या व्याख्येत येतात आणि नोंदणी सक्तीची आहे. पण तो माल देणारा आणि वाहक यांच्यातला कायदा आहे. वाहक आणि चालक यांच्यात काय बोलले गेले याच्याशी त्याला कर्तव्य नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, तीही पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना. छोटा मालक तिथेच सुटला. हा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावला आहे. चालू गाडीत हातात फोन धरणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२० पासून फक्त रस्ता पाहण्यापुरती त्याला मुभा आहे. फोन करणाऱ्या कार्यालयाबद्दल मात्र त्या कलमात काही नाही.

जे सुटलेले नाही

चालत्या गाडीत आलेला फोन उचलायचा की नाही, हा यातला सर्वांत रोजचा प्रश्न आहे. उचलला तर कायदा आणि जीव दोन्ही धोक्यात, न उचलला तर पुढचे भाडे जाण्याची भीती. काही मोठ्या कंपन्या थांब्यांच्या ठरलेल्या वेळीच बोलतात. मंडईच्या बाजारात ते रुळलेले नाही.

माग काढण्याला चालकाची संमती हा दुसरा. सिमकार्डवरून जागा कळवण्यासाठी संमती घेतली जाते, पण ती नाकारली तर माल मिळत नसेल तर तिला संमती म्हणायचे का, यावर एकमत नाही. खेप संपल्यावर, गाडी घरापुढे उभी असतानाही ठिपका दिसत राहतो, ही तक्रार वेगळीच. सातपुड्यातल्या रेंजबाहेरच्या पट्ट्यात तर ठिपका नाहीसा होतो आणि फोन मुद्दाम बंद केला असा संशय चालकावर येतो. रेंज नव्हती हे त्याने सिद्ध कसे करायचे, याचे उत्तर कोणत्याच ॲपमध्ये नाही.

साखळीत दिलेल्या शब्दाची जबाबदारी हा तिसरा. दलाल नोंदणीकृत असावा असे कायदा म्हणतो, पण एका फोनवर चालणारा दलाल नोंदणीशिवायही काम करतो, आणि त्याने सांगितलेली वेळ मालकाने मानायची की व्यापाऱ्याने, हे ठरलेले नाही. बिल्टीवर मालाचे नाव, नग, वजन, भाडे यांचे रकाने असतात. गाडी गेटवर आल्याची आणि खाली झाल्याची वेळ सहीनिशी लिहायला बहुतेक बिल्ट्यांवर जागा नसते. ती असावी ही मागणी मालक आणि चालक दोघेही करतात. गोदामवाले तिला तयार नाहीत, कारण त्या दोन वेळांमधल्या फरकाचे पैसे कोणावर पडतील हे त्यांनाही ठाऊक आहे.